रविवारचा शोध

"भुऱ्याऽऽ!" इराने चिकनच्या दुकानामागे हाक मारली. बाबानेही मारली, तिच्याहून मोठ्याने. कौस्तुभ दुकानदाराला मोबाइलवरचा कुत्र्याचा फोटो दाखवत होता.

"अरे, गेल्या रविवारीच विचारून गेलात की!" दुकानदार म्हणाला, पण शेपटीवरचा पांढरा ठिपका त्याने पुन्हा नीट पाहिला.

घटस्फोटानंतर मुलं बाबाला भेटायला टाळाटाळ करायची. कधी क्लास असायचा, कधी कुणाचा वाढदिवस. कुत्रा हरवल्यापासून मात्र दर रविवारी मुलंच फोन करायची, "बाबा, येतोयस ना?" मग तिघं मिळून गल्ल्या पालथ्या घालायची, वडापाव खायची. दमली की इरा त्याचा हात धरायची.

भुऱ्या बाबाच्याच भाड्याच्या खोलीत होता. एका संध्याकाळी बाबानेच मुलांच्या घराच्या फाटकाबाहेरून शीळ घालून त्याला बोलावून आणलं होतं. शोधायला निघताना बाबा कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधायचा, भुंकू नये म्हणून.

"आजचा शेवटचा रविवार हं, बाबा," कौस्तुभ म्हणाला. "आईने पिल्लू आणलंय. लॅब्रेडॉर! आता रविवारी त्याचं ट्रेनिंग असणार."

"आणि भुऱ्या?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सापडला तर तूच ठेव त्याला," इरा समजुतीने म्हणाली आणि हात सोडून आईच्या गाडीकडे पळाली.

खोलीवर येऊन बाबाने फडकं सोडलं. भुऱ्याने त्याचा, मघाशी इराच्या हातात असलेला तळहात हुंगला. मग त्याला ओलांडून तो दाराशी गेला आणि रिकाम्या जिन्याकडे बघून आनंदाने भुंकू लागला.

त्याने दार लावलं आणि फडकं पुन्हा बांधलं.