फॅनखालचं प्लास्टिक

विघ्नेशने नवा प्रोसेसर आणि त्याचा फॅन स्वतःच्या हाताने बसवला होता. पण स्पीड जरा वाढवला, की प्रोसेसर तापून कॉम्प्युटर बंद. नायगावच्या मित्रांचे मात्र सुसाट पळायचे.

जिथून माल घेतला त्या मितेशच्या दुकानात तो तणतणत शिरला आणि दोन्ही वस्तू काउंटरवर आपटल्या. "परत घे!"

"विघ्नेशभाऊ, आधी तो फॅन बघू द्या, त्याच्याखाली..."

"शानपट्टी नको!" कॉलर धरून त्याने मितेशचं थोबाड काउंटरच्या काचेवर आदळलं. काच फुटली, ओठ फाटला, तरी हा हाणतच राहिला. "खराब माल गळ्यात मारतोस?"


मितेशने ओठाचं रक्त पुसलं. रक्ताळलेल्या बोटांनी त्याने फॅन उलटा केला आणि बसवण्याआधी काढायचं असतं ते, उष्णता अडवणारं प्लास्टिक सोलून विघ्नेशच्या हातावर ठेवलं.