शेवटच्या बुधवारची खुर्ची

"एकटं कोणी आहे का? एकटं?" गसने आरोळी ठोकली.

रांगेच्या एका टोकाला मर्वने हात वर केला. दुसऱ्या टोकाला नॉरीनने. दोघं एकमेकांकडे न बघता पुढे आले आणि तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याच्या खुर्चीत शेजारी शेजारी बसले. ही हिवाळ्यातली पद्धत. बर्फावर घसरायला आलेल्या गर्दीत एकही खुर्ची अर्धी रिकामी जाऊ द्यायची नाही, म्हणून एकट्यांच्या जोड्या लावतात. उन्हाळ्यात रांग असते जेमतेम दहा-बारा माणसांची, त्यातही निम्मी माश्या हाकलण्यात गुंतलेली. पण गसने सवय सोडली नव्हती.

"आज शेवटचा बुधवार," ब्रिओनी त्याच्या कानाशी पुटपुटली. "आज म्हातारा बोलला नाही तर मी रडेन हं."

ब्रिओनी दर बुधवारी डोंगरावर फुलांची फेरी काढायची. उन्हाळ्यापुरती नोकरी. मंगळवारी मुलांना घेऊन बेडूक मोजायचे, बुधवारी मोठ्यांना फुलं दाखवायची आणि रोज रात्री खोलीवर एकटीने जेवताना डबाबंद घेवड्याशी गप्पा मारायच्या. गावात तिचं कोणीच नव्हतं. दोन दिवसांनी ती समुद्रकाठच्या दुसऱ्या नोकरीवर निघणार होती.

मर्व आणि नॉरीनकडे तिचं लक्ष वेधलं ते गसनेच. तोवर हा पाळणेवाला "दांडी खाली घ्या" याच्यापलीकडे तिच्याशी एक अक्षर बोललेला नव्हता. डिसेंबरात, म्हणजे इथला उन्हाळा नुकताच सुरू झाला तेव्हा, एका सकाळी मात्र कान लाल करून म्हणाला, "तो म्हातारा त्या बाईंकडे कसा बघतो, पाहिलंस?"

मग तिनेही पाहिलं. नॉरीन आपल्या गाडीने यायची, मर्व गावातल्या बसने धापा टाकत. पण चढावर नॉरीनची काठी तो न विचारता तिच्या डाव्या हातात द्यायचा. ती डावखुरी आहे हे ब्रिओनीलाही ठाऊक नव्हतं. असं माणूस मनापासून बघत असेल तरच कळतं, असं तिला वाटलं आणि उगाच भरून आलं.

तेव्हापासून ब्रिओनी आणि गसची खलबतं सुरू झाली. बुधवारी काय करायचं हे मंगळवारी ठरे, काय फसलं याची चिकित्सा गुरुवारी. मर्व मात्र ढिम्म. "काय बोललात?" विचारलं की म्हणे, "टोमॅटो यंदा बरे आलेत, असं सांगितलं."

आज शेवटचा बाण होता. बाकी सगळे वर पोचले होते. मर्व-नॉरीनची खुर्ची झाडांच्या शेंड्यांवर आली आणि गसने पाळणा थांबवला.

"वारा आहे जरा!" त्याने वर ओरडून सांगितलं. पानही हलत नव्हतं.

ब्रिओनीने पक्षी बघायची दुर्बीण डोळ्याला लावली. गसने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला.

"बोलतोय का?"

"नाही. अरे थांब! गस! तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं!"

"झोपली असेल. ती कुठेही झोपते."

"काय?"

"म्हणजे... या वयात माणसं झोपतात कुठेही." गसने कपात तोंड खुपसलं. "पण तो नाही बोलायचा, सांगतो तुला. लाजणं काहींच्या रक्तातच असतं."

वर पोचल्यावर ब्रिओनीने मर्वला पिवळ्या फुलांच्या उतारावर गाठलं. नॉरीन पुढे बायकांच्या घोळक्यात होती.

"बोललात?"

"धीर नाही झाला गं पोरी."

"अहो, उद्यापासून पाळणा बंद! मग कुठे भेटणार आहात?"

"तेच ना," मर्वने उसासा टाकला. "तू काय केलं असतंस?"

"सरळ विचारलं असतं. जेवायला येणार का म्हणून. फार तर काय, नाही म्हणतील."

"सांगायला सोपं आहे." म्हाताऱ्याचे डोळे बारीक झाले. "लोका सांगे ब्रह्मज्ञान! तुला तरी जमेल का? करून दाखव, मग मी शिकतो."

"दाखवते!" ब्रिओनी म्हणाली. पण कोणाला विचारायचं, हे मर्वने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

खाली उतरताना ती एकच वाक्य मनात घोकत होती. बेडकांपुढे, मुलांपुढे, दहा-बारा अनोळखी लोकांपुढे तिला कधी असं घोकावं लागलं नव्हतं. गस पाळण्याचा दांडा धरून उभा होता.

"गस, माझ्याबरोबर जेवायला येशील?"

गस कानांपासून मानेपर्यंत लाल झाला. "मी... हो. म्हणजे, उद्या आमच्याकडेच ये ना. मी आजी-आजोबांकडे राहतो. आजी भाजलेलं मटण फार छान करते."

दूर गाड्यांपाशी नॉरीन आपली गाडी काढत होती. मर्व बसथांब्याकडे निघाला होता, एकटाच. त्याला बघून ब्रिओनीला अपराधी वाटलं. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला ते तसेच राहिले आणि आपलंच काम झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती केक घेऊन गसने सांगितलेल्या घरी गेली. आतून मटणाचा घमघमाट येत होता. तिने दार वाजवलं. ॲप्रनला हात पुसत, डाव्या हाताने दार उघडून समोर नॉरीन उभी राहिली, आणि स्वयंपाकघरातून मर्वचा आवाज आला:

"आली का गं ती? मग आत्ताच सांगून ठेवतो नॉरीन, पुढच्या उन्हाळ्यात मी काही बसने जाणार नाही!"