पायाशी टांगलेला चेंडू

पडद्यावरची हलती चित्रं बघून एमआरआयवाली बाई वैतागली. गेल्या वर्षी पाय ताठ करताना पोरीच्या गुडघ्याची वाटी बाहेर निसटायची. ऑपरेशननंतर ती सरळ सरकते का, हे आज मोजायचं होतं. पण उघड्या मशीनमध्ये बसलेली पोरगी जुन्या सवयीनं पाय ताठ होण्याआधीच थांबत होती. “केला की पूर्ण सरळ, काकू!” “डोंबलाचा सरळ!” बाई मशीनच्या खोलीत गेली आणि लहान मुलांसाठी ठेवलेला स्पंजचा चेंडू तिनं पोरीच्या पायाशी असा टांगला, की गुडघा सरळ झाल्याशिवाय अंगठा पोचूच नये. “फुटबॉल खेळायचीस ना? हळूच पाय लाव.” हळू कसलं! चेंडू भिंतीवर जाऊन आपटला. पोरगी घाबरून गुडघा चाचपू लागली. “निसटली का?” “जागच्या जागी आहे. पण हिसक्यानं माझं चित्र पार बिघडवलंस,” पडदा बघून आलेली बाई चेंडू पुन्हा टांगत म्हणाली. “तश्शीच लाथ मार, फक्त सावकाश.”