चार स्क्रू

तिसरी गोळीही उजवीकडेच गेली, आणि आधीच्या दोन्हींपेक्षा चार बोटं जास्तच.

श्रावण मिस्त्री पन्नास पावलं चालत विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यापर्यंत गेला आणि तिथे रोवलेली संत्र्याच्या पेटीची फळी उपटून घेऊन आला. मधोमध काढलेला कोळशाचा ठिपका कोराच होता. रायफल सरकीच्या पोत्यावर घट्ट टेकवलेली होती, दुर्बिणीतली फुली तिन्ही वेळा ठिपक्यावरच होती, आणि गोळ्या झाडल्या होत्या खुद्द रघुनाथरावांनी. नंतर कोणी काही म्हणायला नको म्हणून श्रावणनंच तशी अट घातली होती.

"पाहा," रघुनाथराव साक्षीला जमलेल्या चौघांना म्हणाले. "मी काय सांगून राहिलो होतो?"

ते काय सांगत होते, हे एव्हाना साऱ्या सौंसरला पाठ झालं होतं. रायफल पिकाच्या राखणीच्या लायसन्सवरची. दुर्बीण जावयानं जबलपूरहून आणलेली. ती रायफलीवर बसवायची लोखंडी बैठक तेवढी पांढुर्ण्याच्या श्रावणनं आपल्या लेथवर बनवून दिली होती. दिवाळीनंतर नेम चुकायला लागला, रानडुकरं बाग तुडवून धडधाकट परत जायला लागली, आणि रघुनाथरावांनी एका शनिवारी जामसांवलीला दर्शनाच्या रांगेत सांगून टाकलं की श्रावणनं कच्चं लोखंड घालून फसवलं. रांगेतलं बोलणं प्रसादाबरोबर घरोघर पोचलं. त्यानंतर दोन महिन्यांत सौंसरचं एक काम श्रावणच्या लेथकडे फिरकलं नाही. आज तो पहिल्या बसनं आला होता. लोखंड कच्चं निघालं तर लेथ विकून टाकीन, नाही निघालं तर तुम्ही तसं लोकांसमोर बोला, एवढंच त्याचं मागणं होतं.

गोळ्या झाडायच्या आधी त्यानं एक उद्योग केला होता, तेव्हा सगळ्यांना तो पोरखेळ वाटला होता. बैठकीच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत त्यानं सुईनं एक बारीक सरळ रेघ ओढली होती. आता त्यानं चौघांच्या हातात आळीपाळीनं भिंग दिलं. बैठक कुठे वाकली नव्हती, चिरली नव्हती. रेघा मात्र चारही तुटल्या होत्या. अर्धी रेघ लोखंडावर, अर्धी बाजूला सरकलेली.

"लोखंड वाकलं नाही. स्क्रू फिरून राहिले," श्रावण म्हणाला. "काहून फिरून राहिले, ते पाहू."

पहिला स्क्रू काढून त्यानं तळहातावर ठेवला. आट्यांमध्ये लाल लगदा भरला होता. त्यानं बोटानं काढून वास घेतला. तेलात भिजलेलं कुंकू. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात, चौथ्यातही. आट्यांत तेल असलं की स्क्रू कितीही आवळा, गोळीच्या प्रत्येक धक्क्याला केसभर ढिला होणार आणि दुर्बीण सरकणारच, असं त्यानं समजावून सांगितलं. शेजारच्या बागेचा विनायक हसायला लागला. एवढी भक्ती केली तरी कोणी, असं त्यानं विचारलं.

रघुनाथरावांच्या पत्नी केसरबाई नेमक्या तेव्हाच चहा घेऊन आल्या होत्या. रघुनाथरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बायकायचं काम," ते म्हणाले. "दसऱ्याच्या पूजेत कुठी काय फासतीन, सांगता येत नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. दसऱ्याला पाटावर बसून चारही स्क्रू त्यांनीच काढले होते. दुर्बिणीलाही स्नान हवं, म्हणून. कुंकू त्यांच्याच बोटाचं होतं, आणि गंज चढू नये म्हणून स्क्रू गोडेतेलाच्या वाटीत बुडवले तेही त्यांनीच. केसरबाई निरांजन घेऊन दाराबाहेर उभ्या होत्या. शस्त्राला बाईचा हात लागू नये, हा नियमही रघुनाथरावांचाच. आता एक वाक्य बोलायचं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

श्रावणलाच वाईट वाटलं. "वहिनी, मनाले लावून घेऊ नका," तो म्हणाला. "होते असं."

केसरबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "हो भाऊ," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

मग श्रावणनं स्क्रू रॉकेलमध्ये धुतले, कोरडे पुसले, आवळले आणि पुन्हा फिरू नयेत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला. बाटली त्यानं सोबतच आणली होती, त्यावरून त्याची थोडी थट्टाही झाली. पुढच्या तीन गोळ्या कपाच्या बुडाएवढ्या जागेत लागल्या. रघुनाथराव मोठ्यानं बोलले की लोखंड पक्कं आहे, श्रावणचा काडीचा दोष नाही, मीच त्याला उगाच बदनाम केलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. माणसानं असं मोकळ्या मनानं चूक कबूल करावी, असं चौघंही म्हणाले. ते कौतुक ऐकताना रघुनाथरावांना मान वर करवेना. विनायकनं तिथल्या तिथे पंपाचं एक काम श्रावणला सांगितलं, आणि संत्र्याची पिशवी घेऊन श्रावण दुपारच्या बसनं परत गेला.

माणसं पांगली. रघुनाथराव ओसरीवर मांडीवर रायफल घेऊन बसून राहिले. काय बोलायचं ते त्यांनी मनातल्या मनात दोनदा जुळवलं, दोनदा मोडलं. कपबशा धुवून केसरबाई बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत हातभर अंतरावर टेकल्या.

"अवो, यातले ते स्क्रू कोणते, मले एकदा दाखवता का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "उद्या बाया विचारतीन. मले सांगता आलं पाहिजे."