मागून येणारा खट्ट

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांचा आमचा कट्टा दर रविवारी पेट्रोल पंपामागे भरतो. महिन्याभरापूर्वी मी दलालाकडून दोन सीटची एक गाडी घेतली, म्हणून मी तिथला नवखा. सगळ्यांत जुने म्हणजे मास्तर. ते बसने येतात आणि आल्या आल्या एकच रडगाणं लावतात. "आमची म्हातारी पहिल्या गिअरला सुटताना मागून खट्ट करते हो. काय असेल?"

मग चर्चेला ऊत येतो. कोणी शाफ्टचा क्रॉस बदलायला सांगतं, कोणी डिफरन्शियल उघडायला. माझीही गाडी तेच करते, म्हणून मीही कान टवकारतो. मास्तर मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारतात.

आज माझं मागचं चाक पंक्चर झालं. मी दाराखाली जॅक सरकवला, तोच मास्तर ओरडले, "अहो, तिथे नको! वरून नुसता रंग आहे, आत सगळा गंज. जॅक थेट आत घुसेल. मागच्या अ‍ॅक्सलला लावा."

मी जॅक हलवला. "बरं झालं सांगितलंत, काका. तुमच्या म्हातारीलाही आणा की एकदा. तो खट्ट ऐकू तरी."

"दलालाने सांगितलं नाही तुम्हाला, आधी कोणाची होती ते?" कोणीतरी हळूच विचारलं. सगळे माझ्या गाडीकडे बघू लागले.

मास्तरांनी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला. "आज निघताना सुसाट जाऊ नका," ते म्हणाले. "मी मागे उभा राहून ऐकतो."