खिडकीतला कप

"शब्द पाठ होत नसेल तर घरातल्या वस्तूवर त्याची चिठ्ठी चिकटवा," असा क्लासच्या सरांचा मंत्र होता. परदेशी विद्यापीठासाठीची इंग्रजीची परीक्षा आठवड्यावर आली, तरी समाजशास्त्राचे शब्द मृदुलाच्या डोक्यात शिरेनात. तिनं बाबांच्या आरामखुर्चीवर 'ऑथॉरिटी' चिकटवलं, देव्हाऱ्यावर 'रिच्युअल'. बाबा कौतुकानं बघत होते.

मग 'सेग्रिगेशन', म्हणजे माणसांना वेगळं पाडणं, आलं. ती चिठ्ठी तिनं हौसामावशींच्या कपावर डकवली. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा तो कान तुटलेला कप कायम खिडकीत, घरातल्या कपबशांपासून लांब, पालथा असायचा.

"हा काय चावटपणा?" बाबा खेकसले. "अगं, हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे कुठंय असलं?"

त्यांनी चिठ्ठी उचकटून भिंतीवरच्या नकाशात अमेरिकेवर चिकटवली, आणि कपाला हात लागला म्हणून साबणानं हात धुवून आले.

मृदुलाला शिसारी आली. बाबांची आलीच, पण रोज त्याच कपात वरून, न शिवता, चहा ओतणाऱ्या स्वतःच्या हाताचीही आली. तो शब्द मात्र आता ती जन्मात विसरणार नव्हती.