रातराणीला उत्तर

टिंग.

दुपारच्या शांततेत बाजूच्या खोलीतला फोन वाजला आणि दिपालीची बोटं मोबाइलवरच थांबली. तिने नुकतंच 'रातराणी'ला उत्तर पाठवलं होतं, 'कोण आहे तो?' योगायोग असेल, म्हणून तिने आणखी दोन शब्द पाठवले. 'सांग ना.'

पुन्हा टिंग.

मांडीवर झोपलेल्या नीतूचं डोकं अलगद उशीवर ठेवून ती पडद्यापाशी गेली. आत एका खाटेवर तिची नणंद उन्नती, बारावीतली, कानात इअरफोन खुपसून फोनकडे बघत गालातल्या गालात हसत होती. दुसऱ्या खाटेवर सासूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या.

दिपाली मागे फिरली. तिने रातराणीचा निरोप पुन्हा उघडला.

पाच वर्षांची नीतू झोपली की जो तासभर हाती लागायचा, त्यात दिपाली वाचायची. तरुण पोरींसाठी लिहिलेल्या त्या अद्भुत कादंबऱ्या, शापित राजपुत्र, कधीच न मरणारे प्रियकर, सगळं. मग इंटरनेटवरच्या 'पंख' नावाच्या आपल्या पानावर त्यांची मराठीत परीक्षणं लिहायची. पानावर नीतूने काढलेलं चित्र होतं, निळ्या पंखांचा घोडा. घरात सगळे त्याला गाय म्हणायचे आणि नीतू रुसून बसायची.

"झालं का तुहं भूतपुराण?" सिंधुताई, तिच्या सासूबाई, रोज टोमणा मारायच्या. "आज कोनाचं लगन लागलं? हडळीचं का मुंजाचं?"

"दोघायचंही लागलं, आई."

"लागू दे बापा. त्यायले तरी कोनी विचारत नाही."

रातराणी हे टोपणनाव. ती पानावर खासगी निरोप पाठवायची आणि 'ताई' म्हणायची. आधी पुस्तकांबद्दलच बोलायची, मग हळूहळू स्वतःबद्दल. 'लपूनछपून वाचते, ताई. घरचे हसतील.' आणि आता हे. 'माझ्याही आयुष्यात एक आहे. माझ्याहून मोठा आहे, एकटाच राहतो. रविवारी दुर्ग स्टेशनवर वाट बघतो म्हणाला. जाऊ का? परीक्षणातच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन.'

भिलाईत वाढलेल्या पोरी मराठी घरातच बोलतात, लिहितात हिंदीत. रातराणी मात्र सुरेख लिहायची. उन्नती आपलं वाचून वाचून शिकली, या विचाराने त्या धास्तीतही दिपालीचा जीव सुखावला. तोंडावर विचारायची लाज वाटते, म्हणून पोरगी नाव बदलून विचारते आहे.

प्रवीणला, आपल्या नवऱ्याला, सांगावं का? तो स्टील प्लांटमधून येईल, बहिणीचा फोन हिसकावेल, कोचिंग बंद करेल. पोरीचं वर्ष जाईल. नको. तिने विचारलंय आपल्याला, उत्तरही आपणच द्यायचं.

संध्याकाळी सिंधुताई अंगणात पेरू कापत होत्या. जवळच्या कुम्हारी गावच्या तेजरामकाकांनी ते आणून दिले होते. काका म्हणजे सासऱ्यांचे प्लांटमधले जुने सोबती. सासरे गेल्यावरही त्यांनी येणं सोडलं नव्हतं.

"दिपाली, रविवारी मी रसमड्याले जातो बहिणीकडे. माही मोतिया साडी इस्त्री करून ठेवशील?"

"ठेवतो, आई." दिपालीचं लक्ष उन्नतीकडे होतं. ती आरशापुढे नवी ओढणी लावून बघत होती.

"कोनासाठी नटून राहिली?" दिपालीने हसत विचारलं.

"फेअरवेल है ना, भाभी. तुहा तर चेहराच उतरला."

परीक्षण आधीच लिहून तयार होतं. कादंबरीतला नायक तीनशे वर्षांचा, नायिका सतरा. शेवटी ती घर सोडून त्याच्यामागे जंगलात जाते. दिपालीला पुस्तक मनापासून आवडलं होतं. शेवटची ओळ तर तिने डोळे पुसत लिहिली होती. 'प्रेमाला वय नसतं, हे वाक्य कितीही वापरून गुळगुळीत झालं तरी मला अजून खरं वाटतं.'

तिने ती ओळ खोडली. मन घट्ट करून दुसरी लिहिली. 'ज्या प्रेमाला वयाचं भान नाही, त्याचं शेवटी हसंच होतं. घरच्यांच्या नजरेतून उतरून कुठलं सुख मिळणार? अशा बाईने उंबऱ्याच्या आत राहावं, त्यातच तिची शोभा आहे.'

वाचताना तिलाच ते टोचलं. कुणा म्हाताऱ्या आत्याने लिहावं तसं. पण पोरीच्या जिवापुढे आपल्या आवडीचं काय? तिने डोळे मिटून ते पानावर टाकलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'बरं ताई. नाही जात. तुम्ही माझ्या भल्याचंच सांगितलं असेल.'

दिपालीने सुटकेचा श्वास सोडला.

रविवारी उन्नती घरातच होती. दिपालीने तिला अंगणात बसवून डोक्याला तेल लावलं, जरा जास्तच मायेने.

"आज एवढा लाड कावून, भाभी?"

"असंच. शहाणी आहेस म्हणून."

"ये लिखके दो," उन्नती म्हणाली. "पण हिंदीत दे. तुही ती मराठी मले दोन ओळीच्या वर वाचता येत नाही."

तिची नेहमीची थट्टा. दिपालीने हसून तिच्या पाठीत एक चापट मारली. मग आतल्या खोलीकडे बघून आवाज दिला, "आई, निघता ना? साडी खाटेवर ठेवली आहे."

"नाही जात वं." आतून सिंधुताईंचा आवाज आला, जड, सर्दी झाल्यासारखा. "गुडघे दुखून राहिले. घडी करून ठेवून दे ते साडी."

नीतू आतून अनवाणी पळत आली आणि आईच्या मांडीत शिरली. तेलकट हात लागू नयेत म्हणून दिपालीने ते दूर धरले.

"मम्मी," नीतूने तिच्या कानाशी तोंड नेलं, "आजीच्या फोनमंदी माहा पंखवाला घोडा आहे. त्याच्या खाली तुहं लिहिलेलं वाचून आजी कावून रडून राहिली?"